'किल्ले राजगड'चे वचन कोणते?

विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही भोर-वेल्ह्याकडे गेलो की 'किल्ले राजगड' ही पाटी वाचून कोणीतरी विचारतेच: किल्ला एक, मग 'किल्ले' का? 'आदरार्थी बहुवचन' असे सांगून आम्ही अनेक वर्षे वेळ मारून नेली. ते चूक होते. महाराज 'आहेत', पण किल्ले राजगड पुणे जिल्ह्यात 'आहे'. क्रियापदानेच आमचे उत्तर खोडून काढले होते. आम्ही तिकडे पाहिले नाही, एवढेच.

'किल्ले', 'मौजे', 'कसबे' यांतील एकार फारसी इजाफतीचा आहे. 'राजगडचा किल्ला' म्हणताना मराठी मुख्य नाम शेवटी ठेवते. इजाफतीत ते आधी येते. संज्ञा मूळची अरबी. अरबीत मात्र असा एकार नाही: बैत म्हणजे घर, माल म्हणजे संपत्ती, बैतुलमाल म्हणजे खजिना. पहिल्या नामाला 'अल्' हे निश्चितीदर्शक लागत नाही, दुसरे षष्ठीत जाते, आणि सबंध पदबंध निश्चित की अनिश्चित हे शेवटचे नाम ठरवते.

संगणकाला अरबी वाक्य उलगडायला शिकवायचे तर हे सारे नियमांत बांधावे लागते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्राग येथील अरबी वृक्षसंग्रहात प्रत्येक शब्द त्याच्या नियामक शब्दाखाली टांगलेला आहे. कल्पना नवी नव्हे. आठव्या शतकातील सीबवैहीच्या व्याकरणात दुसऱ्या शब्दाचा अंत्य स्वर ठरवणारा तो 'आमिल' आणि त्याची सत्ता म्हणजे 'अमल'. आपला 'अंमल' आणि 'अंमलदार' याच घराण्यातले!

शिवकाळात राजव्यवहारकोश रचला गेला. किल्ल्याला 'दुर्ग' असा प्रतिशब्द मिळाला. पण कोश शब्दांपुरता. पदांचा क्रम त्याच्या हाती लागत नाही, म्हणून राजगडाआधीचा तो एकार टिकला. मराठीसाठी संगणकीय व्याकरण रचणाऱ्याने 'आकारान्त पुल्लिंगी नामाचे एकारान्त रूप म्हणजे बहुवचन' एवढाच नियम लिहिला, तर यंत्र त्या साध्या वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांचा विसंवाद दाखवील आणि चूक लेखकाच्या माथी मारील. आम्ही विद्यार्थ्यांच्या बाबतीत निराळे काय केले?

वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड झाले आहे. पत्ता लिहिताना 'मौजे अमुक, तालुका राजगड, जिल्हा पुणे' असे येते. मौजे, तालुका, जिल्हा: तिन्ही शब्द अरबी मुळाचे, आणि तिन्ही नावाच्या आधी.