पोटावरील भोसकल्याच्या जखमांचे शस्त्रोपचार

सुरा, जांबिया, विळा यांसारख्या धारदार वस्तूने उदरभित्ती भेदली गेल्यास तीवर करावयाच्या उपचारांना पोटावरील भोसकल्याच्या जखमांचे शस्त्रोपचार असे म्हणतात. कोणाचे पोट उघडावे, कोणाचे उघडू नये आणि उघडावयाचे असल्यास किती लवकर, हा या उपचारांतील कळीचा प्रश्न होय.

स्वरूप

बाहेरील जखमेच्या आकारावरून आतील इजेचा अंदाज करता येत नाही. बोटभर रुंदीच्या छिद्राखाली यकृत चिरलेले असू शकते. उलट, भयंकर दिसणारी जखम स्नायूंपाशीच थांबलेली असते. पोटाच्या पुढील भागावरील अशा जखमांपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश पर्युदरापर्यंत पोहोचत नाहीत, एकतृतीयांश ते भेदतात पण आत दुरुस्तीयोग्य इजा करीत नाहीत, आणि उरलेल्या एकतृतीयांशांनाच शस्त्रक्रियेची गरज असते. यकृत, लघ्वांत्र, मध्यपटल व बृहदांत्र यांना इजा होण्याचे प्रमाण अधिक आहे. बैलाचे शिंग लागून झालेली जखमही भेदक जखमांतच मोडते. मात्र तिच्यात ऊती अधिक चिरडल्या जातात व मातीचा संसर्ग मोठा असतो.

इतिहास

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात ताज्या जखमांचा स्वतंत्र अध्याय आहे. बाहेर आलेले अखंड आतडे दुधाने धुऊन, तूप लावून, नखे कापलेल्या हाताने आत सारावे, असे तेथे सांगितले आहे. छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा मुंग्यांकडून चावून धरवाव्यात व नंतर त्यांची धडे तोडून मुंडकी तशीच ठेवावीत, ही प्रसिद्ध पद्धत त्याच ग्रंथातील उदररोगाच्या अध्यायात येते. महाराष्ट्राच्या इतिहासात १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला झालेली जखम याच प्रकारची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युद्धातील अशा रुग्णांवर बहुधा शस्त्रक्रिया करीत नसत. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) व्हेरा गेड्रॉइट्स या शल्यचिकित्सक स्त्रीने आघाडीजवळ, रेल्वेच्या डब्यात, लवकर शस्त्रक्रिया करून रुग्ण वाचतात हे दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात हा विचार रुजला व पुढे प्रत्येक भेदक जखमेत पोट उघडण्याचा नियमच झाला. १९६० मध्ये न्यूयॉर्कचे जी. डब्ल्यू. शाफ्टन यांनी या नियमाला हरकत घेतली. लक्षणे नसलेल्या रुग्णावर केवळ बारकाईने लक्ष ठेवावे, हे त्यांचे मत आज सर्वमान्य आहे.

निर्णय

रक्तदाब कोसळलेला असणे, संपूर्ण पोट दगडासारखे कडक होणे, किंवा आतडे बाहेर येणे, यांपैकी एक जरी आढळले तरी तपासण्यांत वेळ न दवडता शस्त्रक्रियागृह गाठावे लागते. इतरांची सोनोग्राफी व सीटी स्कॅन करून सुमारे २४ तास वारंवार तपासणी करतात. शक्यतो एकाच डॉक्टरने ती करावी, कारण पोटातील सूक्ष्म फरक त्याच हाताला कळतो. डाव्या बरगड्यांखालील जखमेत मध्यपटलाचे छिद्र स्कॅनमध्येही निसटू शकते; म्हणून तेथे दुर्बिणीतून पाहणी करतात.

शस्त्रक्रिया

मध्यरेषेवर उभा छेद घेऊन प्रथम पोटाच्या चारही भागांत कापडी घड्या दाबून रक्तस्राव थोपवितात. त्यानंतर आतड्यांतून होणारी गळती थांबवितात. मग संपूर्ण आतडे क्रमाने हाताखालून घालतात व जठरामागील पोकळीही उघडून पाहतात. आतड्याला छिद्रे पडलेली असतील तर ती मोजावीत असा जुना दंडक आहे. एकाच वाराने बहुधा आत जाण्याचे व बाहेर पडण्याचे अशी दोन छिद्रे पडतात, त्यामुळे संख्या विषम आल्यास पुन्हा शोध घेतात. लहान छिद्रे शिवतात. फाटलेला भाग काढून टोके जोडतात. रुग्ण थंड पडला, रक्त गोठेनासे झाले व रक्तातील आम्लता वाढली, तर केवळ रक्तस्राव व गळती थांबवून पोट तात्पुरते झाकतात आणि अतिदक्षता विभागात प्रकृती सावरल्यावर उरलेले काम पूर्ण करतात.

ग्रामीण भागातील स्थिती

या शस्त्रक्रियेसाठी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व रक्त ही तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असावी लागतात. सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी प्रथमोपचार, सलाइन, धनुर्वाताची लस व प्रतिजैविक देऊन रुग्णास हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात अथवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलविणे हाच मार्ग उरतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. ती येईपर्यंत रुतलेले शस्त्र उपसू नये, बाहेर आलेले आतडे आत ढकलू नये (सुश्रुताची कृती वैद्याच्या हातची आहे, घरच्यांची नव्हे), ते स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे आणि रुग्णास पाणीदेखील पाजू नये.

पोलीस पंचनाम्याची वाट पाहत उपचार अडवून ठेवण्याची प्रथा पूर्वी होती. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, जीव वाचविणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्यानंतर करावेत, असा निर्णय दिला.