फोड रंगाला, दोष कुणाला?

सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउन शहराच्या हद्दीत, निरिंबा फील्ड्स हे उपनगर २०२० साली नकाशावर आलं. आता तिथे नव्या घरांच्या रांगा आहेत, त्यांत आपली मराठी घरंही आहेत आणि छपरं बहुतेक गडद करडी. या परिसरात दुसऱ्या महायुद्धात बांधलेली स्कोफिल्ड्सची धावपट्टी होती. १९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश नौदलाने इथे आपला फिरता हवाई तळ मांडला. १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलाचा ‘निरिंबा’ तळ आला आणि १९५६ पासून तळ बंद होईपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, नौदलाची शिकाऊ पोरं इथे हत्यारं धरायला शिकली. सुरुवातीच्या त्या वर्षांत नौदलाकडे सी व्हेनम विमानं होती. इंजिन जेटचं, पंख धातूचे, पण वैमानिक बसायचा तो पुढचा भाग लाकडाचा. बाल्साच्या हलक्या गाभ्याला आतून-बाहेरून पातळ प्लायवूड चिकटवलेलं.

आजच्या छोट्या कॉम्पोझिट विमानाच्या रंगाला फोड येतात, त्यांची कुळकथा या लाकडापासून सुरू होते. कॉम्पोझिट म्हटलं की आपल्याला काचतंतू आणि कार्बन आठवतो. पण घडण तीच आहे: मधे हलका गाभा, दोन्हीकडे कडक कातडी, आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद. वरून रंग. यातली एक जरी वस्तू बिघडली तरी बोभाटा रंगच करतो.

या घराण्यातलं सर्वांत नावाजलेलं विमान म्हणजे डी हॅविलंडचं मॉस्किटो. ते पहिल्यांदा उडालं नोव्हेंबर १९४० मध्ये. बर्चचं प्लायवूड, मधे बाल्सा, त्यावर मादापोलमचं सुती कापड ताणून बसवलेलं आणि कापडावर डोप (कापड घट्ट करणारं रोगण) व रंग. (मादापोलम हे आंध्रच्या किनाऱ्यावरचं एक गाव. ब्रिटिशांच्या सगळ्यात वेगवान बाँबफेक्या विमानाने अंगावर आपल्याकडच्या गावाच्या नावाचं कापड पांघरलं होतं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी कधी सांगितलं नाही.) १९४३ पासून ही विमानं ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी भारतात येऊ लागली आणि १९४४ च्या पावसाळ्यानंतर हवेतच मोडू लागली. पंखाच्या वरची कातडी आतल्या दांड्यापासून सुटत होती. नोव्हेंबरात विमानं जमिनीवर बसवून तपासणी सुरू झाली आणि कंपनीचे मेजर हेरवर्ड डी हॅविलंड चौकशीला भारतात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला अहवाल आला: गोंदाचा दोष नाही, पावसाळ्यात लाकूड आकसल्यामुळे हे घडलं.

थोडक्यात, दोष आपल्या पावसाचा. पुढच्या तपासण्यांत मात्र निराळंच निघालं. इंग्लंडमधल्या हॅटफिल्ड आणि लीव्ह्ज्डन इथे बांधलेली, मान्सून जन्मात न पाहिलेली विमानं उघडली, तर त्यांतही तेच दोष. चिकटवण्याचं काम नीट झालेलं नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. तरीही हवाई मंत्रालय जाहीरपणे हवामानावरच बोट ठेवून राहिलं, कारण मॉस्किटोवरचा विश्वास उडणं युद्धकाळात परवडणारं नव्हतं. ब्लॅकटाउनपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरच्या बँक्सटाउनच्या कारखान्यात २१२ मॉस्किटो बांधली गेली. तिथेही सुरुवातीच्या पंखांच्या चिकटवणीत खोट निघाली आणि पंख दुरुस्त करत बसावं लागलं. बँक्सटाउनला मान्सून नाही.

या प्रकरणातून दोन गोष्टी उरल्या. पंखाच्या सांध्यावर प्लायवूडची पट्टी बसवून पाणी आत शिरायची वाट बंद केली गेली. आणि पूर्वेकडच्या मॉस्किटोंचा हिरवा-करडा रंग जाऊन १९४५ मध्ये त्यांना रुपेरी रंग लागला, ऊन परतवण्यासाठी. रंग हा नुसता लपण्यासाठी किंवा शोभेसाठी नसतो, खालच्या गोंदाचं तापमान तो ठरवतो, हे ज्ञान घराण्यात इथे शिरलं.

पुढची पिढी काचेची. श्टुटगार्टच्या विद्यार्थी-गटाचं ‘फिनिक्स’ ग्लायडर नोव्हेंबर १९५७ मध्ये उडालं. कातडी काचतंतूची आणि गाभा पुन्हा बाल्साच. अमेरिकेत टेक्ससमधल्या लिओ विंडेकर या दंतवैद्याच्या खटपटीतून ‘ईगल’ विमान झालं. १९६९ मध्ये सरकारी प्रमाणपत्र मिळवणारं ते पहिलं कॉम्पोझिट इंजिन-विमान. दाताच्या डॉक्टराला साचा, भरण आणि रेझिन यांची समज असणार, त्यात नवल नाही. मग १९७५ मध्ये बर्ट रुटानचं व्हॅरीईझ उडालं आणि घराणं गॅरेजांत पसरलं. साचा नको. फोमचा ठोकळा तापल्या तारेने कापायचा, त्यावर काचकापड अंथरायचं, इपॉक्सी चोपडायचं. ऑस्ट्रेलियात १९८८ मध्ये सुरू झालेल्या बंडाबर्गच्या जबिरू कंपनीने काचतंतूची छोटी विमानं बांधली. आणि ज्या दिवशी हौशी हातांनी फोमवर इपॉक्सी लावलं, त्या दिवसापासून फोडांची नीट वंशावळ मांडता येते.

पहिलं कुळ हवेचं. काचकापडाच्या विणीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. ती भरली नाहीत तर रंगाखाली हवा कोंडते. वीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की साधारण चौदा टक्के फुगते. शिवाय विमान वर चढतं. तीन हजार मीटरवर बाहेरचा दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा तीसेक टक्क्यांनी उतरलेला असतो. आतली हवा बाहेर पडू पाहते आणि वाटेत मऊ पडलेला रंग असतो. मोटारीच्या रंगाला हा दुसरा मार सहसा बसत नाही. म्हणून मोटारी रंगवण्यात हयात गेलेला कारागीरही पहिल्या विमानावर हमखास फसतो.

दुसरं कुळ द्रावकाचं. प्रायमर वाळायच्या आत वरचा हात मारला की वरची साय धरते आणि खालचा द्रावक अडकतो. तो महिनोन्‌महिने दबा धरून बसतो आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात बाहेर येतो. तोवर रंगाऱ्याचं बिल चुकतं झालेलं असतं.

तिसरं पाण्याचं, आणि हेच सगळ्यात कपटी. रंग पाण्याला पूर्ण अडवत नाही, वाफ हळूहळू आत झिरपते. आत कुठे विरघळणारा क्षार असला, मग तो घामेजल्या बोटाचा ठसा का असेना, तर पाणी तिकडे ओढलं जातं आणि रंग वर उचलला जातो. काचतंतूच्या नौकांचे मालक हा रोग जुन्या काळापासून ओळखतात. त्यांच्या नौकेचा फोड फोडला की आंबट वासाचं पाणी येतं. इपॉक्सीची एक वेगळी खोड आहे. दमट हवेत वाळताना त्याच्या अंगावर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुतला जातो, पण धुवायला हवा हे माहीत असावं लागतं. न धुता रंगवलं तर फोडाचं बी पेरलंच म्हणून समजा. साच्यातून काढलेल्या भागावर राहिलेलं मेणही तेच करतं.

या तिन्ही कुळांचं शेवटचं निमित्त एकच, ऊन. म्हणून ही विमानं पांढरी. काचतंतूच्या ग्लायडरांची मजबुती ५४ अंशांना तपासायची, असा युरोपातला दंडक आहे, आणि तो पांढरा रंग गृहीत धरून. गडद रंग उन्हात पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि साध्या तापमानाला वाळवलेलं इपॉक्सी तेवढ्यात ढिलं पडू लागतं. डायमंडच्या डीए-२० विमानात सीटमागे एक खूणपट्टी असते. आतला सांगाडा ५५ अंशांच्या वर गेल्याचं तिने दाखवलं की उड्डाण नाही. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेतली डायमंडची डीए-४० विमानं याच जातीची, आणि विदर्भातला मे महिना काय असतो हे सांगायला नको. ब्लॅकटाउनच्या शेजारी पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश नोंदले गेले. ही सावलीतली नोंद. अशा दिवशी उघड्यावर उभ्या गडद पंखाचं काय होईल, याचा हिशेब निरिंबा फील्ड्सच्या करड्या छपराखाली राहणाऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

फोड आला तर पहिलं काम नाण्याचं. फोडाभोवती नाण्याने टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला तर दुखणं रंगापुरतं, बद्द आवाज आला तर कातडी गाभ्यापासून सुटलेली. धातूच्या विमानाचा रंग रसायन ओतून काढता येतो. इथे ते रसायन इपॉक्सीही खातं, म्हणून हाताने घासायचं, तेही काचकापड न कापता. पंधरवड्याचं काम सहज होतं. घाईत फोड कापून वर पुट्टी भरणारे भेटतात. अशांकडून विमान विकत घेऊ नये.

दोष कुणाचा या वादाची जुनी सवयही मॉस्किटोपासून वारशाने आली आहे, फक्त आकडे मोठे झाले. ए-३५० या कार्बनच्या मोठ्या प्रवासी विमानांचा रंग उखडू लागला, तसे २०२१ मध्ये कतार एअरवेज आणि एअरबस लंडनच्या न्यायालयात समोरासमोर आले. कतारचं म्हणणं, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. एअरबसचं म्हणणं, प्रश्न रंगाचा आणि पृष्ठभागाचा आहे, उड्डाणाला धोका नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोघांनी तडजोड केली. दुरुस्ती सुरू झाल्याचं जाहीर झालं आणि दोष कुणीच पदरात घेतला नाही.