पाच अक्षरांचे कूळ

तुमसरच्या भातगिरणीत हिशेब लिहिणारा माणूस सकाळी संगणक सुरू करतो, ‘रन’च्या चौकटीत एम, एस, टी, एस, सी ही पाच अक्षरे टाइप करतो आणि एंटर दाबतो. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड. मग पडद्यावर दुसराच संगणक उघडतो. तो मागच्या खोलीत असेल, नागपुरात असेल, नाहीतर पुण्यात. त्यावर टॅली उघडते आणि धानाच्या कट्ट्यांची नोंद सुरू होते.

या पाच अक्षरांचा विस्तार ‘मायक्रोसॉफ्ट टर्मिनल सर्व्हिसेस क्लायंट’ असा आहे. खिडकीच्या डोक्यावर ‘रिमोट डेस्कटॉप’ लिहिलेले असते, पण फाइलच्या नावात ‘टर्मिनल’ तसेच राहून गेले आहे. सर्व्हरच्या रजिस्ट्रीतही तेच. दूरची जोडणी बंद ठेवणाऱ्या नोंदीचे नाव ‘एफडिनायटीएसकनेक्शन्स’, त्यातला ‘टीएस’ म्हणजे टर्मिनल सर्व्हिसेस. नव्या सर्व्हरवर तिची किंमत 1 असते, म्हणजे दार बंद. सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉपला परवानगी दिली की तिथे 0 येतो.

टर्मिनल म्हणजे टोक. नोव्हेंबर 1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच मोठे यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत चालवून दाखवली. प्रत्येकापुढे टाइपरायटरसारखे उपकरण आणि आकडेमोड मात्र दूरच्या यंत्रात. ‘सेशन’, ‘लॉगिन’, ‘युजर’ हे आज सेटिंग्जमध्ये भेटणारे शब्द या सामायिक यंत्रांच्या जगातच रुळले.

जिल्ह्याच्या गावांपर्यंत हे टोक आले ते आकाशातून. 1976 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली ‘निकनेट’ उभारले. जिल्हा मुख्यालयी लहान तबकडीचा अँटेना, खाली एक पीसी आणि मधे उपग्रह. तुमसर ज्यात येते तो भंडारा जिल्हा तेव्हा देवरी-सालेकशापर्यंत पसरलेला होता. गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. विनंती वर जाऊन खाली दिल्लीला उतरणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. नुसत्या प्रवासालाच जवळजवळ अर्धा सेकंद. टपालाने आकडेवारी पाठवणाऱ्या कचेऱ्यांना तो अर्धा सेकंद किती सुखाचा वाटला असेल!

पण ही सगळी अक्षरांची दुनिया होती. चित्रे, खिडक्या आणि माउस असलेला अख्खा डेस्कटॉप तारेवरून पाठवायचा, तर वेगळी युक्ती हवी होती. आयबीएम सोडून एड इयाकोबुची यांनी 1989 मध्ये सिट्रिक्स ही कंपनी काढली. विंडोज एनटी एका वेळी एकाच माणसासाठी बनलेली. सिट्रिक्सने ती अनेकांना एकदम वापरता येईल अशी बदलली आणि 1995 मध्ये ‘विनफ्रेम’ आणले. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते तंत्र परवान्याने घेतले आणि 1998 मध्ये ‘विंडोज एनटी 4.0 टर्मिनल सर्व्हर एडिशन’ बाजारात आले. आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, हा त्याच्यासोबतचा.

त्याची खुबी काटकसरीत होती. दर वेळी पूर्ण पडद्याचा फोटो पाठवण्याऐवजी सर्व्हर सांगे: इथे चौकोन काढ, इथे हे अक्षर ठेव, ते चिन्ह मघाशी दिले आहे तेच वापर. म्हणून टेलिफोनच्या तारेवरही काम रेटता येई. एक्सपीच्या काळात क्लायंटमधल्या ‘एक्स्पीरियन्स’ या टॅबवर पहिलाच पर्याय 28.8 केबीपीएस मोडेमचा असे. पुढच्या आवृत्त्यांत त्या यादीत ‘सॅटेलाइट’ही आला. निकनेटच्या दिवसांत काम केलेल्या माणसाने तो शब्द पाहिला, तर क्षणभर थांबेल.

विंडोज 2000 सर्व्हरने टर्मिनल सर्व्हिसेसचे दोन रस्ते केले: एक देखभालीसाठी, दुसरा सगळ्यांच्या कामासाठी. देखभालीच्या वाटेवर दोनच जागा. आजही नव्या सर्व्हरवर वेगळा परवाना न घेता दोघांनाच आत बसता येते. तिसऱ्याला कुणाला तरी उठवावे लागते. ‘सेशन होस्ट’ ही भूमिका बसवली की 120 दिवसांची सवलत मिळते, पुढे परवाने घ्यावेच लागतात. कचेरीत ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात कधी कधी नुसती जागा भरलेली असते.

आरडीपी ज्यावर चालतो त्या 3389 या पोर्टची गोष्ट थोडक्यात. ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे घराचे दार रस्त्यावर सताड टाकणे. मे 2019 मध्ये ‘ब्लूकीप’ ही त्रुटी इतकी घातक ठरली की मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. सेशन तयार होण्याआधीच ओळख तपासणारी ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ची खूण काढून टाकू नये, आणि बाहेरून येणाऱ्याला व्हीपीएन किंवा गेटवेमधूनच आत घ्यावे. पोर्टचा नुसता आकडा बदलून दार बंद होत नाही, ते फक्त थोडे आडोशाला जाते.

सगळ्यांत जुना संस्कार मात्र एका साध्या चौकटीत आहे: तुटलेले सेशन किती वेळाने संपवायचे? ‘कधीच नाही’पासून एक मिनिट, काही तास, पाच दिवसांपर्यंत पर्याय असतात. फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली की काम संपले असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. सेशन सर्व्हरवर जागेच राहते, मेमरी धरून ठेवते. म्हणून कित्येक व्यवस्थापक तिथे दहा-पंधरा मिनिटे टाकून मोकळे होतात.

धानखरेदीच्या हंगामात, लाइन कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात, ते आखूड वाटते. अर्धी पावती भरलेली असताना वीज जाते, इकडचा संगणक आणि राउटर काळे पडतात, दाराशी शेतकरी ट्रॅक्टरवर बसून असतो. दूरच्या सर्व्हरला यातले काहीच जाणवत नाही. तिथे दोन-तीन तासांची मुदत दिलेली असेल, तर लाइन आल्यावर तीच पाच अक्षरे टाकायची, पासवर्ड द्यायचा, आणि पावती उघडीच असते, कर्सर वजनाच्या रकान्यात लुकलुकत असतो.