विचारायचा राहून गेलेला प्रश्न

इटियाडोह म्हटले की लोकांना धरण आठवते. गाढवी नदीवर अडवलेले हे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतल्या धानाच्या बांध्यांपर्यंत जाते. मला मात्र तिथला एक माणूस आठवतो.

त्या परिसरातल्या एका आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो. पन्नाशीचे एक शेतकरी दर पंधरा दिवसांनी यायचे. ‘जीव घाबरते जी, झोप नाही येत,’ एवढेच सांगायचे. मी छाती तपासायचो, रक्तदाब बघायचो, पित्ताच्या आणि ताकदीच्या गोळ्या लिहून द्यायचो. बाहेर रांग असायची. एका पावसाळ्यात त्यांनी जीवन संपवल्याची बातमी आली. मी जुन्या नोंदी काढल्या. सात वेळा माझेच अक्षर होते, पण त्यांच्या मनाविषयी एक ओळ नव्हती.

चूक माझीच. पण एका डॉक्टरला हा प्रश्न सुचूच नये, असे का झाले असावे? त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. तेव्हा त्याला वेड्यांचे इस्पितळ म्हणत. १८५८चा आणि पुढे १९१२चा कायदा असा होता, की रुग्णाला आत पाठवण्यात पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांचा मोठा वाटा असे. साहजिकच तपासणीचा रोखही एकाच गोष्टीवर राहिला : हा माणूस मोकळा ठेवणे धोक्याचे आहे का? जो आरडाओरडा करत नाही, मुकाट्याने बांधीत राबतो आणि रात्रभर जागा राहतो, तो या प्रश्नात बसतच नव्हता. शिवाय आमच्या भागातून नागपूर गाठायचे म्हणजे आधी गाडीने गोंदिया, मग दुसरी गाडी. बहुतेक घरांनी तो रस्ता कधी धरलाच नाही.

१९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला. इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे माणसांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती, आपल्याकडे सुमारे चाळीस हजारांमागे एक. नुसती रुग्णालये बांधून ही तूट भरणारी नव्हती. म्हणून १९७५च्या सुमारास दोन ठिकाणी वेगळा प्रयोग झाला : चंदीगडच्या तज्ज्ञांनी हरियाणातल्या रायपूर राणी येथे आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने जवळच्या सकलवारा येथे. गावातल्या आरोग्य सेवकाला आणि साध्या डॉक्टरला मानसिक आजार ओळखायला शिकवता येतो का, हे त्यांनी करून पाहिले. शिकवता येतो, असे दिसले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८५पासून तो जिल्हाभर राबवून पाहिला गेला आणि त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातले एक प्रशिक्षण, उशिरा का होईना, माझ्या वाट्याला आले.

तिथे शिकलो ते ऐकायला सोपे वाटते. माणूस आत येतो कसा, कपड्यांकडे लक्ष आहे का, बोलणे मंद झाले आहे का, मनःस्थिती कशी आहे, भास होतात का, दिवस-वार कळतो का, आणि आपल्याला काही होते आहे याची त्याला स्वतःला जाण आहे का, हे क्रमाने पाहायचे. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक यादी असते. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला का, झोप, भूक, थकवा, असे विचारत जायचे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. यादीतल्या गुणांवरून निदान होत नाही, पण बोलण्याला वाट मिळते.

त्या नवव्या प्रश्नाशी मी अडखळलो. विचारले तर नसता विचार आपणच डोक्यात घालू, अशी भीती वाटे. प्रशिक्षकांनी सांगितले, असे होत नाही. विचारल्याने उलट माणसाला हलके वाटते. सराव म्हणून आम्ही डॉक्टर एकमेकांना तो प्रश्न विचारत होतो. माझा आवाज कापला. समोर मला तेच शेतकरी दिसत होते.

एक गोष्ट मात्र यादीत नव्हती. धरणाच्या परिसरात गोंडी बोलणारी घरे आहेत, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, बाकी आमची झाडीबोली. ‘उदास वाटते’ असे कोणी म्हणतच नाही. कोणाचा जीव घाबरतो, कोणाला करमत नाही, कोणाचे हातपाय गळतात. ते शब्द ओळखायला मला आमच्या परिचारिकेने शिकवले.

परतल्यावर काही महिन्यांनी एक बाई आली. डोके दुखते म्हणाली. मी लिहिता पेन खाली ठेवला आणि विचारले, ‘बाई, जगणे नको असे कधी वाटते का?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘रोजच वाटते जी. पण असे कोणी विचारले नाही.’ त्या दिवशी तिच्या भावाला बोलावून घेतले, उपचार सुरू केले, दर आठवड्याला यायला सांगितले. ती येत राहिली.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरायला सांगितले. २०२२पासून टेलिमानसची १४४१६ ही मदतवाहिनीही आहे. दीडशे वर्षांत प्रश्न बदलला, ही मोठीच गोष्ट. मात्र तो रांगेतल्या प्रत्येकापर्यंत पोहोचायचा, तर विचारणाऱ्याला पाच मिनिटे जास्त मिळायला हवीत. माझ्या त्या शेतकऱ्याला मी ती सात वेळा देऊ शकलो असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)