सत्याग्रही समाजवाद : आचार्य जावडेकरांच्या समन्वयाचे स्वरूप

1934 च्या मे महिन्यात पाटण्यास काँग्रेसमधील समाजवाद्यांची अखिल भारतीय परिषद भरली, आणि पुढच्याच महिन्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीने खासगी मालमत्तेची जप्ती व वर्गयुद्धाची आवश्यकता यांविषयीची भाषा अहिंसेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. त्या काळच्या सुशिक्षित तरुणापुढे गांधी किंवा मार्क्स असा पर्याय उभा राहिला तो या वातावरणात. आचार्य शंकर दत्तात्रेय जावडेकर (1894-1955) यांनी हा पर्यायच मुळात स्वीकारला नाही. त्यांची भूमिका 'सत्याग्रही समाजवाद' या नावाने ओळखली जाते.

'समन्वय' हा शब्द मराठी विचारविश्वात फार स्वस्त झालेला आहे. दोन मतांतील गुळगुळीत भाग तेवढे उचलून एकत्र ठेवले की समन्वय झाला, अशी समजूत आढळते. जावडेकरांची रीत ही नव्हे. उत्पादनसाधनांवरील खासगी मालकी हे शोषणाचे मूळ आहे आणि तिचा अंत झाला पाहिजे, हे प्रमेय त्यांनी समाजवादाकडून घेतले. तो अंत घडविणारी शक्ती कोणती, या प्रश्नाचे उत्तर मात्र गांधीजींकडून घेतले. मार्क्सचा जडवाद त्यांनी नाकारला. टिळकांच्या कर्मयोगाच्या संस्कारात वाढलेल्या या विचारवंताला समाजवादासाठी अध्यात्माचा त्याग आवश्यक वाटला नाही. दोन्ही विचारांना समान वाटा देण्याचा खटाटोप येथे नाही. प्रत्येकाचे क्षेत्र निराळे ठरविलेले आहे.

ही विभागणी टिकते काय? साधनांच्या बाबतीत ती बरीच टिकते. शासितांच्या संमतीवाचून राज्यसत्ता उभी राहू शकत नाही, हे 'हिंद स्वराज्य' (1909) मधील सूत्र आहे. कामगाराने श्रम नाकारले तर भांडवल निरुपयोगी होते, हा कामगारचळवळीचा अनुभव त्याच सूत्राची आर्थिक बाजू म्हणता येईल. शिवाय इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत कामगारवर्गाला शांततेच्या मार्गाने आपले साध्य गाठता येणे शक्य आहे, असे खुद्द मार्क्सने 1872 साली अॅमस्टरडॅम येथील भाषणात मान्य केले होते. हिंसा हा मार्क्सवादाचा प्राण नव्हे, असे म्हणण्यास यामुळे जागा राहते.

विश्वस्तवृत्तीची कल्पना अधिक अडचणीची आहे. मालकाच्या हृदयपरिवर्तनावर विसंबणारी ही कल्पना समाजवाद्यांना भाबडी, क्वचित लबाडही वाटे. जयप्रकाश नारायण यांनी 1936 च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर कठोर टीका केली. परंतु गांधीजींचे मत स्थिर राहिलेले नव्हते. 1942 मध्ये सेवाग्राम येथे लुई फिशर यांच्याशी बोलताना शेतकरी जमिनी ताब्यात घेतील व जमीनदारांना भरपाई देणे आर्थिकदृष्ट्या अशक्य होईल, असे ते म्हणाले. गांधीजींनी पाहून दुरुस्त केलेला आणि 1952 मध्ये 'हरिजन'मध्ये प्रसिद्ध झालेला विश्वस्ततेचा मसुदा मालकीचे कायद्याने नियमन करण्यास वाव देतो. गांधीविचाराचे समाजवादी वाचन हे जावडेकरांचे निव्वळ इच्छाचिंतन नव्हते, एवढे यावरून दिसते.

जयप्रकाशांशी तुलना येथे उद्बोधक आहे. मार्क्सवादापासून निघून 1954 साली बोधगयेस जीवनदानापर्यंत जाणारा त्यांचा प्रवास एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाण्याचा होता. जावडेकर दोन्ही तीर एकाच वेळी दृष्टीसमोर ठेवीत. म्हणूनच त्यांच्या लेखनात नाट्य कमी आणि युक्तिवाद अधिक. ते इस्लामपूरला राहत. त्याच वाळवे तालुक्यात 1943 नंतर प्रतिसरकारची सशस्त्र भूमिगत चळवळ जोरात होती. अहिंसक क्रांतीचा हा सिद्धान्त हिंसेच्या प्रश्नापासून दूर, सुरक्षित अंतरावर बसून मांडलेला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

समन्वयाचा खरा कच्चा सांधा राज्यसंस्थेच्या ठिकाणी आहे. समाजवादाला मालकी बदलण्यासाठी समर्थ राज्य हवे. गांधीजींना राज्याच्या वाढत्या सत्तेचे भय वाटे. परकी सरकार होते तोवर हा विरोध झाकलेला राहिला, कारण सत्याग्रह राज्याविरुद्धच करावयाचा होता. 1951-52 च्या प्रौढ मतदानाने निवडलेल्या सरकारपुढे सत्याग्रहीने कोठे उभे राहावयाचे, याचे उत्तर 'आधुनिक भारत' (1938) लिहिला गेला त्या परिस्थितीतून मिळण्यासारखे नव्हते. जावडेकरांच्या निधनानंतर दोन वर्षांच्या आतच, 1 एप्रिल 1957 या 'कृषकदिनी', मुंबई राज्याच्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. हे परिवर्तन वर्गयुद्धाने झाले नाही आणि मालकांच्या हृदयपरिवर्तनानेही नाही. ते विधिमंडळाने केले. मात्र त्या दिवसापूर्वीच अनेक कुळांनी आपल्या जमिनी मालकांना 'स्वखुशीने' परत केल्याची नोंद दप्तरी झालेली होती. आणि अशा राजीनाम्यांविरुद्ध उभी राहील अशी कुळांची सत्याग्रही संघटना बहुतेक गावांत नव्हती.