क्लोरीन आणि फॉस्जीन

क्लोरीन आणि फॉस्जीन : श्वसनेंद्रियांस घातक असे दोन वायू, पहिला मूलद्रव्य, दुसरा त्यापासूनच सिद्ध होणारे संयुग. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७४ साली क्लोरीन वेगळा केला, तो मूलद्रव्य असल्याचा निर्वाळा हंफ्री डेव्ही यांनी १८१० साली दिला आणि त्यांचे धाकटे बंधू जॉन डेव्ही यांनी १८१२ साली क्लोरीन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण सूर्यप्रकाशात ठेवून फॉस्जीन निर्माण केला. कारखान्यांत सूर्याचे काम आता सक्रियित कोळसा करतो.

हवेच्या तुलनेत क्लोरीन सुमारे अडीचपट व फॉस्जीन जवळजवळ साडेतीनपट जड असल्यामुळे दोघेही तळघरे व खंदक धरून राहतात. मात्र त्यांच्या स्वभावातील खरा भेद पाण्याशी होणाऱ्या व्यवहारात आहे. क्लोरीन डोळे, नाक व घसा यांच्या ओलाव्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस ही आम्ले बनवतो, त्यामुळे आग होऊन माणूस खोकत पळ काढतो. अल्प मात्रेत तरी हा वायू इशारा देऊन मग अंमल गाजवतो. फॉस्जीन पाण्यात फारसा विरघळत नाही व त्याचे जलापघटनही सावकाश होते, म्हणून तो वरच्या मार्गास विशेष न डिवचता थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतो, तेथील प्रथिनांच्या अमिनो गटांशी संयोग पावतो आणि वायुकोशांच्या भिंती झिरपू लागून कित्येक तासांनी, क्वचित दिवसभरानेही, फुप्फुसांत पाणी भरते. कापलेल्या गवताचा मंद वास एवढीच त्याची खूण. तेव्हा बाधित इसम हिंडताफिरता दिसला तरी त्यास श्रम करू न देता देखरेखीखाली ठेवणे अगत्याचे असते.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन फौजेने क्लोरीन सोडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यात फॉस्जीन मिसळण्यात आला, आणि पहिल्या महायुद्धातील वायुबळींपैकी बहुतेक फॉस्जीनच्याच खाती पडले. भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट बनवण्यासाठी मिथिल अमाइनबरोबर हाच वायू वापरीत. प्रकाश व हवा यांच्या योगाने क्लोरोफॉर्मपासूनही तो उत्पन्न होतो. त्या द्रवाच्या बाटल्या गडद तपकिरी असतात व त्यांत किंचित मद्यार्क घालतात, ते याचसाठी.

निकामी करण्यासाठी दोन्ही वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेतात. फॉस्जीनचे त्यात कायमचे विघटन होते. क्लोरीनपासून बनलेल्या हायपोक्लोराइटात मात्र आम्ल पडताच क्लोरीन परत बाहेर येतो, आणि घरातील विरंजक द्रव व शौचकूप धुण्याचे आम्ल एकत्र केल्यास न्हाणीघरात घडते ते हेच.