४४ दिवस: मॅनेजर चुकीचा होता की टीम?

फुटबॉलवाल्या कुठल्याही ग्रुपवर एक भांडण कायम चालू असतं. एक जण म्हणतो, मॅनेजरची स्टाइल भारी आहे, पण त्या स्टाइलचे प्लेयर त्याच्याकडे नाहीत. दुसरा म्हणतो, मग आहेत त्या प्लेयरना जमेल तसं खेळव ना बाबा, पगार कशाचा घेतोस? मँचेस्टर युनायटेडच्या फॅन्सनी हे भांडण रूबेन अमोरिमच्या वेळी पोटभर केलं. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली तीन डिफेंडरवाली पद्धत घेऊन आला आणि त्या सीझनला टीम पंधराव्या नंबरवर राहिली.

हे भांडण नवीन नाहीये. त्यातली सगळ्यात गाजलेली केस पन्नास वर्षांपूर्वीची आहे. क्लब लीड्स युनायटेड, मॅनेजर ब्रायन क्लफ, मुक्काम फक्त ४४ दिवस.

आधी लीड्स काय चीज होती ते बघू. १९६१ मध्ये डॉन रेव्ही मॅनेजर झाला तेव्हा हा सेकंड डिव्हिजनमधला साधा क्लब होता. तेरा वर्षांत त्याने लीड्सला दोनदा इंग्लंडचं चॅम्पियन केलं, १९६९ आणि १९७४ मध्ये. दुसऱ्या वेळी तर ४२ पैकी फक्त ४ मॅच हरले. रेव्हीची पद्धत कशी? समोरच्या टीमची जाडजूड फाइल तयार करायची आणि ती प्लेयरकडून वाचून घ्यायची. मॅचच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून बिंगो, म्हणजे आपला तंबोला, खेळायला लावायचा. अगदी एकत्र कुटुंबासारखं. पण मैदानावर ही टीम आडदांड होती. जोरात टॅकल, रेफरीशी हुज्जत, वेळ काढणं, सगळं चालायचं. बाहेरच्या फॅन्सना लीड्स अजिबात आवडायची नाही, पण लीड्सच्या गावात हीच माणसं देव होती.

क्लफ बरोबर उलटा. डर्बी काउंटीला त्याने सेकंड डिव्हिजनमधून वर आणून १९७२ मध्ये चॅम्पियन केलं. त्याचं सूत्र एकदम साधं: बॉल जमिनीवर ठेवा, आपल्या माणसाला पास द्या आणि रेफरीशी वाद घालू नका. फाइल वगैरे त्याला मान्यच नव्हतं. आणि लीड्सच्या खेळावर तो टीव्हीवर, पेपरमध्ये सतत तोंडसुख घ्यायचा. या क्लबला शिक्षा म्हणून खालच्या डिव्हिजनमध्ये टाका, इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

१९७४ च्या उन्हाळ्यात रेव्ही इंग्लंडचा मॅनेजर झाला. जाताना त्याने टीममधल्याच जॉनी गाइल्सचं नाव सुचवलं. बोर्डाने आणलं कोणाला? क्लफला! त्यात त्याचा जोडीदार पीटर टेलर ब्रायटनलाच थांबला. प्लेयर हेरणं आणि क्लफला आवरणं, ही दोन्ही कामं टेलरची होती. म्हणजे क्लफ लीड्सला आला तोच अर्धा.

लीड्सच्या प्लेयरनी नंतर अनेकदा सांगितलेली गोष्ट अशी: सुरुवातीच्याच मीटिंगमध्ये क्लफने त्यांना तोंडावर सांगितलं की तुमची मेडल कचऱ्याच्या डब्यात टाका, कारण एकही तुम्ही प्रामाणिकपणे जिंकलेलं नाही. आता समोर बसलेत कोण? ३३ वर्षांचा गाइल्स, ३१ वर्षांचा कॅप्टन बिली ब्रेमनर, तिशीतला नॉर्मन हंटर. यांनी अख्खी जवानी या क्लबला दिलेली. आता हातात उरलेली वर्षं मोजकी, आणि नवा साहेब म्हणतोय की केलंत ते सगळं खोटं.

त्या काळी संघात बारा जणांनाच जागा, अकरा आणि एक सबस्टिट्यूट. बाहेर बसणं म्हणजे संपल्यासारखंच. त्यात क्लफने डर्बीहून आपली जुनी माणसं आणली, जॉन मॅकगव्हर्न आणि जॉन ओहेअर. वेम्बलीवरच्या चॅरिटी शील्डमध्ये ब्रेमनर आणि लिव्हरपूलचा केव्हिन कीगन यांची मारामारी झाली, दोघांना मैदानाबाहेर काढलं आणि वर लांबलचक बंदी. ब्रेमनरच्या जागी मॅकगव्हर्न दिसला की लीड्सचेच फॅन्स त्याची हुर्यो करायचे. लीगच्या पहिल्या सहा मॅचमध्ये एकच विजय. टीम २२ पैकी १९ व्या नंबरवर. १२ सप्टेंबर १९७४ ला बोर्डाने क्लफला घरी पाठवलं.

खरी मजा त्याच संध्याकाळी झाली. टीव्हीच्या स्टुडिओत क्लफ आणि रेव्ही शेजारी शेजारी बसले! क्लफचं म्हणणं, मला लीग जिंकायचीच होती, पण तुझ्यापेक्षा चांगल्या रीतीने. रेव्ही म्हणाला, अरे, आम्ही फक्त चारच मॅच हरलो, याहून चांगलं काय असतं? त्यावर क्लफचं उत्तर, मी तीनच हरलो असतो! आज आपण जे रात्री दीड वाजता टाइप करतो, तेच हे दोघं कॅमेऱ्यासमोर बोलत होते.

आता निकाल लावायचा तर सोपं वाटतं: स्टाइल आणि टीम जुळली नाही, विषय संपला. पण पुढे जे झालं त्याने हे उत्तर अपुरं ठरतं.

क्लफ गेल्यावर जिमी आर्मफील्ड आला. शांत माणूस, फार उलथापालथ न करणारा. जवळपास त्याच टीमने १९७५ मध्ये युरोपियन कपची फायनल गाठली आणि बायर्न म्युनिककडून २-० अशी हरली. म्हणजे प्लेयर संपलेले नव्हते. पण थकत चालले होते हेही खरं. गाइल्स त्याच वर्षी गेला, ब्रेमनर पुढच्या वर्षी. टीम नव्याने बांधायला हवी, हे क्लफचं निदान चूक नव्हतं. औषध द्यायची पद्धत चुकली.

आणि क्लफ? जानेवारी १९७५ मध्ये तो सेकंड डिव्हिजनमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथे त्याची टीम आधी १६ वी आली, मग ८ वी, मग ३ री. आजच्या सोशल मीडियाने १६ व्या नंबरलाच त्याचं श्राद्ध घातलं असतं. पण त्याला वेळ मिळाला आणि १९७६ मध्ये टेलरही येऊन मिळाला. १९७७ मध्ये टीम वर गेली, १९७८ मध्ये थेट चॅम्पियन, आणि १९७९, १९८० असे सलग दोन युरोपियन कप!

यातले किती तरी प्लेयर क्लफ येण्याआधीपासून तिथेच होते. जॉन रॉबर्टसनचंच बघा. जाडसर, स्लो, क्लबने विकायला काढलेला. क्लफ आणि टेलरने त्याला डावीकडे उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की बॉल याला द्या. १९७९ च्या फायनलमध्ये गोल त्याच्या क्रॉसवर झाला, १९८० च्या फायनलमध्ये त्याने स्वतः केला. म्हणजे ज्या माणसाबद्दल आपण म्हणतो की तो टीमकडे न बघता आपलीच स्टाइल लादायचा, त्याने इथे अख्खी टीम एका स्लो विंगरभोवती बांधली.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: लायब्ररी चांगली असते, अ‍ॅपही चांगलं असतं, तरी दोघांची व्हर्जन जुळत नाहीत. जुळवता येतात, पण त्याला वेळ लागतो आणि आधी जुना कोड नीट वाचावा लागतो. पहिल्याच दिवशी सगळा कचरा आहे म्हणून डिलीट मारलं, तर चालू सिस्टीम बंद पडते. इथे तर कोड नव्हता, माणसं होती. त्यांचा अपमान लक्षात राहतो.

अंतोनिओ कोन्तेने २०१६ मध्ये चेल्सीला पद्धतच बदलली होती. आर्सेनलकडून ३-० मार खाल्ल्यावर त्याने तीन डिफेंडर आणले, सलग १३ मॅच जिंकल्या आणि लीगही जिंकली. पण त्यासाठी त्याने हाताशी काय आहे ते बघितलं. दर वर्षी लोनवर पाठवला जाणारा व्हिक्टर मोझेस त्याला विंगबॅक म्हणून दिसला. बदल मोठा होता, पण त्यात जुन्या माणसाला नवं काम मिळालं.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर भांडण पेटलं की फॉर्मेशनचे आकडे थोडे बाजूला ठेवा. मॅनेजरला वेळ किती मिळालाय? त्याच्या सोबत त्याचा टेलर आहे का? आणि आधीपासूनच्या माणसांना तो काय सांगतोय, मेडल डब्यात टाका की बॉल याला द्या?

आणि तो मॅकगव्हर्न, ज्याची लीड्समध्ये हुर्यो झाली? फॉरेस्टने दोन्ही युरोपियन कप उचलले तेव्हा कॅप्टन तोच होता. माणूस तोच, मॅनेजरही तोच.

तुमच्या क्लबमध्ये असा कोणी आहे का, चुकीच्या जागी अडकलेला? नाव कळवा. भेटू पुढच्या भागात!